नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन वाक्प्रचारांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याचा अर्थ बारसे, दुसऱ्याचा अर्थ निंदा. भाषेने हे दोन अर्थ इतके शेजारी ठेवले यामागे काही योजना असेलच असे नाही. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासात ही दोन्ही कामे शतकानुशतके एकाच शब्दाने उरकली जात होती. ज्या शब्दाने माणसाला हाक मारायची, त्याच शब्दाने त्याला त्याची पायरी दाखवायची, अशी ती व्यवस्था होती. माणसाला स्वतःची ओळख कशी होते आणि ती ओळख तो जगापुढे कशी मांडतो, हा प्रश्न मानसशास्त्राच्या आणि तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत पुष्कळ चर्चिला गेला आहे. आपल्याकडे, पैनगंगा-गोदावरीच्या या पट्ट्यात, तो ग्रंथांत येण्याआधी हाकेत, शाळेच्या पटावर आणि विद्यापीठाच्या कमानीवर आला. म्हणून त्याचा विचार नावापासूनच सुरू करणे योग्य ठरेल.

लहान मूल ‘मला भूक लागली’ असे म्हणण्याच्या आधी पुष्कळदा ‘बाळाला भूक’ असे म्हणते. ‘मी’ हा शब्द त्याला उशिरा सापडतो. त्याआधी इतरांनी त्याला जे म्हटले तेच ते स्वतःला म्हणत असते. म्हणजे स्वतःची पहिली ओळख ही उसनी असते. पुढे आयुष्यभर ती नावाच्याच खुंटीला टांगलेली राहते. शाळेच्या पटावर नाव येते, सातबाऱ्यावर नाव लागते, कर्तृत्वाने नाव निघते, दुराचाराने नाव बुडते. मायबाप ऊसतोडीला निघाले आणि मूल त्यांच्यामागे गेले, तर शाळेतून नाव कमी होते. लग्नात मिळालेल्या पातेल्यावर नाव घातलेले असते आणि वसतिगृहात येणाऱ्या मुलाच्या पत्र्याच्या पेटीवर रंगाने नाव लिहिलेले असते. प्रवेशाच्या दिवशी शिक्षक मुलाला नाव विचारतात तेव्हा ते बहुधा घरचे नाव सांगते, आणि शेजारी उभा असलेला बाप घाईघाईने त्याला कागदावरचे नाव सांगायला लावतो. आपली दोन नावे आहेत आणि कुठे कोणते सांगायचे हे ठरवावे लागते, हे त्या मुलाला तेव्हा पहिल्यांदा कळते.

जुन्या पिढीची नावे आठवून पाहावीत. धोंडू, दगडू, कचरू, उकंडा, भिका. मुले जगत नसत; नजर लागू नये, मृत्यूने क्षुल्लक समजून वगळावे, म्हणून मुद्दाम अशी नावे ठेवण्याची रीत होती. ही रीत एकाच जातीत होती असे मानणे बरोबर नाही. ती सर्वत्र होती. फरक पडे तो पुढच्या प्रत्ययात. एकच धोंडू वाड्यात धोंडोपंत होई, मळ्यात धोंडीबा होई आणि गावकुसाबाहेर धोंड्या होई. धोंड्या सत्तर वर्षांचा झाला तरी पाटलाचा दहा वर्षांचा मुलगा त्याला धोंड्याच म्हणे, आणि धोंड्या त्याला ‘जी मालक’ म्हणे. व्याकरणाच्या पुस्तकात ‘या’ हा प्रत्यय एका ओळीत संपतो. वेशीबाहेर तो जन्मभर पुरत असे.

याच समाजाचे स्वतःचे एक आदराचे उपपदही होते, याची आठवण मात्र राहिली नाही. ‘नाक’ हा ‘नायक’ शब्दाचाच अवशेष मानला जातो. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर, १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या नावांमध्ये, या ‘नाक’ने संपणारी २२ नावे कोरलेली आहेत. सैन्यात जे नाव दगडावर कोरले जाण्यास पात्र ठरले, ते गावात परतल्यावर पुन्हा ‘या’वर येऊन थांबत होते. अभिवादनाचेही तसेच होते. ‘जोहार’ हा शब्द उच्चारणारा वाकलेलाच असे. ‘जय भीम’ या अभिवादनाचे श्रेय सामान्यतः कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. हे अभिवादन दोन्ही बाजूंनी एकाच शब्दाने होते. त्यात कोणी घेणारा नाही आणि कोणी देणारा नाही. ताठ उभे राहून उच्चारता येईल असा शब्द मिळाल्यावर पाठीचा कणाही सरळ झाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

शाळेच्या दाखल्याचा प्रभाव तर याहून मोठा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील शाळेत एका मुलाचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले गेले. कुळाचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. रजिस्टरात उतरलेले आडनाव पुढे जगभर गेले. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. एका नोंदीचा असा उत्सव अन्यत्र क्वचितच होत असेल. मराठवाड्यात निजामाच्या अमदानीत दफ्तराची भाषा उर्दू होती. ज्यांच्या मुलांना शाळेचा उंबरठाच दिसत नव्हता, त्यांची नावे कुठल्या भाषेतील कागदावर चढणार? १९४८ नंतर शाळा वाढल्या तेव्हा गुरुजींनी मुलांना दोन गोष्टी बहाल केल्या: एक, १ जून ही जन्मतारीख, दुसरी, त्यांच्या कानाला जसे ऐकू आले तसे आडनाव. आपल्या तालुक्यातील कितीतरी आजोबांचा वाढदिवस शाळा उघडण्याच्या हंगामातच येतो, तो यामुळे. त्याबद्दल गुरुजींना दोष देण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याच्या लेखणीने माणूस कसा घडतो याचे हे साधे उदाहरण आहे.

आपले नाव कोणी ठेवावे हा प्रश्न बाबासाहेबांनी फार लवकर राजकीय पातळीवर आणला. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्यात आला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने त्यास विरोध केला, आणि तो मान्य होत नाही असे पाहून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. शब्द वाईट नव्हता. हेतूही, म्हणणाऱ्यांच्या मते, चांगलाच होता. आक्षेप होता तो ज्याला नाव द्यायचे त्याला न विचारता ते दिले जाण्यावर. दयेने ठेवलेले नाव आणि हेटाळणीने ठेवलेले नाव यांत एक गोष्ट समान असते: दोन्ही वेळा ज्याचे नाव, त्याचे तोंड बंद असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते उघडले. बावीस प्रतिज्ञांपैकी एकविसावी प्रतिज्ञा नव्या जन्माची आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. हदगावच्या लोकांच्या बाबतीत आणखी एक योगायोग घडला. त्या दिवशी हदगाव हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात आले. अठरा दिवसांच्या अंतराने धर्माच्या आणि राज्याच्या दोन नव्या ओळखी मराठवाड्याच्या दारात उभ्या राहिल्या. पैकी राज्याची ओळख आपोआप मिळाली. धम्माची ओळख प्रत्येकाला स्वतः उच्चारून घ्यावी लागली, आणि म्हणूनच तिचे मोल अधिक.

या उच्चाराची व्याप्ती जनगणनेत दिसते. महाराष्ट्रात समाविष्ट झालेल्या प्रदेशात १९५१ साली बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांत इतकी माणसे जन्माला आली नव्हती. तीच माणसे होती, त्यांनी प्रगणकाला वेगळे उत्तर दिले होते. हे उत्तर फुकट नव्हते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती विशिष्ट धर्मीयांपुरत्याच होत्या. ‘बौद्ध’ असे लिहिणाऱ्याच्या केंद्राच्या सवलती जात. महाराष्ट्र राज्याने स्थापनेबरोबरच १९६० मध्ये आपल्या कक्षेतील सवलती ‘नवबौद्धां’ना लागू केल्या, परंतु केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडावे लागले. मधल्या तीस-चौतीस वर्षांत एका बाजूला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे खरे उत्तर, अशा तराजूत कित्येक कुटुंबे उभी होती. काहींनी दाखल्यावर एक आणि मनात एक असे लिहिले. त्यांना आज कोणी नावे ठेवू नयेत. पोटच्या पोराची फी भरण्याचा प्रश्न होता.

आणि मग बारशांची भाषा बदलली. मिलिंद, नागसेन, राहुल, सिद्धार्थ, आनंद, संघपाल. प्रज्ञा, करुणा, सुजाता, संघमित्रा, यशोधरा. एका पिढीत धोंड्याचा मुलगा मिलिंद झाला. या नावांना ‘या’ लावणे गावाला अवघड जाऊ लागले. प्रयत्न झाले नाहीत असे नाही, पण ‘सिद्धार्थ्या’ जिभेवर नीट बसत नाही. नव्या नावात ही एक व्यावहारिक सोयही होती, असे आमचे नम्र मत आहे.

येथपर्यंतचा इतिहास नावासाठीच्या झगड्याचा आहे. येथे एका विचारी विद्यार्थ्याने शंका काढावी, आणि वर्गात कोणीतरी ती काढतोच. तथागतांचा धम्म तर आत्मा नाकारतो. ‘मी’ आणि ‘माझे’ ही दुःखाची मुळे आहेत असे सांगतो. मग बौद्धांनी आपल्या नावासाठी, आपल्या अस्मितेसाठी एवढे झगडावे, यात विसंगती नाही काय?

ही शंका टाळण्यासारखी नाही. ‘अस्मिता’ हा शब्दच पाहा. आज मराठीत तो अभिमानाने उच्चारला जातो. परंतु पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मितेची गणना पाच क्लेशांत आहे, आणि पाली वाङ्मयात ‘अस्मिमान’, म्हणजे ‘मी आहे’ हा अहंभाव, हे साधकाच्या वाटेवरचे शेवटपर्यंत टिकणारे बंधन मानले आहे. संयुक्त निकायात खेमक नावाच्या आजारी भिक्खूची एक हकिकत आहे. तो सांगतो की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांपैकी कशालाही मी आत्मा मानीत नाही; तरी ‘मी आहे’ हा भाव अजून गेलेला नाही. त्याने दिलेला दृष्टान्त घरगुती आहे. परटाने मळके कापड खाराने आणि शेणाने धुऊन आणले, कापड स्वच्छ झाले, तरी खाराचा आणि शेणाचा वास त्यात उरतो. तो सुगंधी पेटीत ठेवल्यावर हळूहळू जातो. ‘मी’ हा तसा उरलेला वास आहे. खेमकाचा प्रामाणिकपणा विशेष वाटतो, कारण त्याने आपण निर्मळ झाल्याची घोषणा केली नाही.

नावाविषयीचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भदन्त नागसेनांना नाव विचारतो. नागसेन सांगतात की मला नागसेन म्हणतात, पण हे केवळ संबोधन आहे; या नावाच्या आत कोणी स्वतंत्र पुरुष सापडत नाही. राजा चकित होतो. तेव्हा नागसेन त्याला विचारतात: आपण रथातून आलात, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? यांतील एकही रथ नव्हे, आणि यांच्याशिवाय वेगळा रथही नाही. हे सर्व भाग एकत्र असले की ‘रथ’ हा शब्द वापरतात, नावाचेही तसेच.

तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. बाबासाहेबांनी त्याला ‘मिलिंद’ आणि त्या माळरानाला ‘नागसेनवन’ ही नावे दिली. त्यांना दुसरी नावे सुचली नसती असे नाही. प्रश्न विचारणारा राजा आणि ‘नाव हे केवळ नाव’ असे सांगणारा भिक्खू, या दोघांचीच नावे त्यांनी मराठवाड्याच्या खडकाळ जमिनीवर रोवली. माणसाचे नाव हे त्याच्या हाडामांसात कोरलेले सत्य नसून माणसांनी परस्परांत केलेला ठराव आहे, हे एकदा पटले की त्यातून जे निष्पन्न होते ते वैराग्यापुरते मर्यादित राहत नाही. ठराव असेल तर तो बदलता येतो. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी हेच दुसऱ्या अंगाने सांगितले आहे: गवताच्या, झाडांच्या, किड्यांच्या, माशांच्या, पाखरांच्या जाती अंगावरच्या खुणांनी वेगळ्या ओळखू येतात, माणसांत तशी खूण नाही, नाव आणि गोत्र हे लोकव्यवहाराने ठरवलेले संकेत आहेत. ‘धोंड्या’च्या आत धोंड्यासारखा काही स्थिर पदार्थ बसलेला नाही. तो तसा आहे असे मानणे, हीच जातिव्यवस्थेची सर्वांत मोठी चूक आणि तिचा सर्वांत मोठा आधार होता. अनात्मवाद हा दुबळ्यांना गप्प करणारा विचार आहे असे समजणाऱ्यांनी ही बाजू पाहिलेली नसते.

हा प्रश्न आपल्या भूमीला नवा नाही, हेही सांगायला हवे. पारायणवग्गात बावरी नावाच्या आचार्यांची कथा येते. ते गोदावरीच्या काठी, अस्सकांच्या प्रदेशात राहत. अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे आजचे तेलंगणातील बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात; तेथून नांदेड जिल्ह्याची सीमा फार दूर नाही. बावरींनी आपले सोळा शिष्य भगवंतांकडे पाठविले. त्यांतील अजिताने विचारले की हे नामरूप कोठे निरुद्ध होते. मोघराजाला उत्तर मिळाले की ‘मी’पणाची दृष्टी उपटून टाकून जगाकडे शून्य म्हणून पाहावे. गोदाकाठचे लोक अडीच हजार वर्षांपूर्वी नामरूपाचा प्रश्न घेऊन उत्तरेकडे चालत गेले होते. अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या महाविहाराला ‘बावरीनगर’ हे नाव दिले आहे ते याच स्मृतीतून. पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथील धम्म परिषदेला जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी हे नाव कोणाचे, हे मुलांना सांगावे, अशी विनंती आहे. पुष्कळ मुलांना ते एखाद्या वसाहतीचे नाव वाटते.

आता नामांतराकडे वळू. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोचिराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर सोळा वर्षे आंदोलन चालले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. जुने नाव गेले नाही, त्यात भर पडली. म्हणून त्यास नामविस्तार म्हणतात.

विरोध करणाऱ्यांतील कित्येकांचे म्हणणे असे होते की ‘मराठवाडा’ ही आमची अस्मिता आहे. निजामाविरुद्ध लढून आम्ही ती मिळवली आहे. हे म्हणणे खोटे नव्हते. परंतु त्या ‘आम्ही’मध्ये पोचिराम कांबळे यांची वस्ती होती की नव्हती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रदेशाच्या नावात जर गावकुसाबाहेरचे लोक आधीपासून सामावलेले असते, तर त्यांच्यातल्या सर्वांत विद्वान माणसाचे नाव पुढे जोडल्याने ते नाव बाटले असे कोणाला का वाटावे? घरे कोणाची जळाली, यावरून त्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गौतम वाघमारे यांच्या देहत्यागाविषयी लिहिताना हात अडखळतो. धम्म आत्मघाताला मान्यता देत नाही, आणि एखाद्या विद्यार्थ्याने त्यापासून तसा धडा घ्यावा असे कोणीही शिक्षक म्हणणार नाही. परंतु नावासाठी एवढे कशाला, असे विचारणाऱ्यांनी स्वतःचे नाव, आडनाव आणि गावाचे नाव यांकडे एकदा पाहावे. ज्याला सर्व काही आपोआप मिळालेले असते त्यालाच नाव क्षुल्लक वाटते. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये तिकडे जोडली गेली. ज्या नावासाठी नांदेड जिल्ह्याने एवढी किंमत मोजली, ते आज आपल्या मुलांच्या पदवीपत्रावर येत नाही. तरीही १४ जानेवारीला येथून लोक त्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी जातात आणि कमानीवरील नाव पाहून परत येतात.

नाव हा ओळखीचा एक शब्द झाला. ओळखीची गोष्ट सांगायला पुस्तक लागते. दलित आत्मकथनांनी ते काम केले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, म्हणजे वस्त्या जळत होत्या त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. त्याची रचना विलक्षण आहे. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकच. लहानपणी ठेवलेले दगडाचे नाव आणि मोठेपणी मिळालेले दयेचे नाव समोरासमोर बसले आहेत, आणि शिकलेला माणूस न शिकलेल्या स्वतःकडे पाहून संकोचतो आहे. नागसेनांनी रथाचे भाग वेगळे करून दाखविले. पवारांनी नावाचे केले. त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या भागातील, उदगीर परिसरातून आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आले. आईबापाविना वाढलेल्या एका मुलाने शिकण्यासाठी काय काय सोसले, ते त्यात कुठलाही आव न आणता सांगितले आहे. वसतिगृहातील प्रत्येक मुलाने ते वाचावे. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचे नाव ‘जिणं आमुचं’ असे आहे. त्यात ‘माझं’ नाही. पुरुषांनी ‘मी’ लिहिले तेव्हा बाईने ‘आम्ही’ लिहिले, आणि त्या ‘आम्ही’त घरातल्या पुरुषांनी केलेली मारहाणही लपवली नाही. थेरीगाथेतील पाणी वाहणारी दासी पुण्णिका हिच्याशी या बायांचे नाते लावता येईल. गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ चालविलेल्या नियतकालिकाचे नाव ‘अस्मितादर्श’ होते. आदर्श म्हणजे आरसा. आरशात चेहरा दिसतो, तसा डागही दिसतो.

डागाचा विषय निघाला म्हणून एक अप्रिय गोष्ट. बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातील नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी जातो, जात सांगत नाही, उघडकीस आल्यावर मार खातो. साठ वर्षे लोटली. आज आपल्या शाळेतून बारावी होऊन पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा भाड्याची खोली पाहताना आडनाव टाळतो. फोनवर नुसते ‘राहुल बोलतोय’ म्हणतो. काही जण राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेतात. कायद्याने त्यात काही गैर नाही, आणि नाव हा संकेतच आहे तर बदलायला हरकतही नाही, असा युक्तिवाद मिलिंदपञ्हाच्या आधारे कोणी करील. येथे आम्हांला थांबावेसे वाटते. १९५६ साली बदललेले नाव भर मैदानात, लाखोंच्या देखत, मोठ्याने उच्चारून बदलले होते. खोलीच्या भाड्यासाठी टाळलेले आडनाव दबक्या आवाजात टाळले जाते. दोन्ही ठिकाणी शब्दच बदलला, पण पहिल्या वेळी भीती गेली आणि दुसऱ्या वेळी ती घरात राहायला आली. त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. दोष आडनाव ऐकून खोली नाही म्हणणाऱ्याचा आहे. तरी मुलाने आपल्या पेटीवर काय लिहिले होते ते विसरू नये, एवढी अपेक्षा शाळेला असते.

उलट बाजूचा धोकाही आहे, आणि तो आपल्याच घरात आहे. नवे नाव हीच नवी जात होऊन बसणे. बौद्धांत कोण आधीचा, कोण कोणत्या पोटशाखेचा, सोयरीक कोणाशी करायची, ही चौकशी सिद्धार्थाच्या लग्नातही होते. मातंग, चर्मकार वा भटक्या समाजातून धम्माकडे आलेल्या कुटुंबाला ‘तुम्ही मूळचे कोण’ असे विचारणारे आपणच असतो. खेमकाने सांगितलेला तो वास हाच. कापड धुऊन झाले म्हणून पेटीत ठेवायचे विसरू नये.

मिलिंदपञ्हातच एक संवाद आहे, जो अशा स्मरणिकेत आठवावा असा आहे. नागसेन राजाला विचारतात: पाळण्यात उताणे पडलेले जे बाळ होते तेच आज आपण आहात काय? राजा म्हणतो, नाही, ते वेगळे आणि मी वेगळा. तेव्हा नागसेन म्हणतात की असे असेल तर कोणाला आईही नाही, बापही नाही आणि गुरूही नाही. विद्या शिकणारा एक आणि शिकून झालेला दुसरा असे होईल. मग ते दिव्याचे उदाहरण देतात. पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत एकच नव्हे, वेगळीही नव्हे. रात्रभर तोच दिवा जळत असतो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आलेला पन्नाशीचा इसम जेव्हा आपली जुनी खोली शोधत फिरतो, तेव्हा तो पाचवीत आलेल्या त्या मुलाला भेटायला आलेला असतो. ते मूल तो नसतो. पण त्या मुलाला कोणी रागावले, कोणी रात्री पांघरूण घातले, कोणी चुकीचे स्पेलिंग पाच वेळा लिहून घेतले, हे सर्व त्याच्यातच जळत आलेले असते. ‘मी कोण’ या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर शाळेजवळ नाही.

नावाच्या बाबतीत अलीकडे दोन शासकीय निर्णय झाले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. अनेक गावांत त्याआधीच लोकांनी स्वतः ‘भीमनगर’, ‘समतानगर’ अशा पाट्या लावल्या होत्या, हे वेगळे सांगायला नको. दुसरा निर्णय मार्च २०२४ चा: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम राहील. ही मुले जून २०३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात येतील. त्या वर्षीच्या प्रवेश रजिस्टरात मुलाच्या नावाशेजारी पहिल्यांदाच, बापाच्या आधी, एखाद्या सुजाताचे किंवा करुणाचे नाव लिहिले जाईल, आणि ते नाव मुलाला विचारूनच लिहावे लागेल.